बंद पडलेल्या प्रोग्रॅमची साक्ष

(ढोकी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला तेव्हा मी म्हटलं, संगणकावरचे प्रोग्रॅम मधेच बंद का पडतात आणि त्याचं कारण कसं शोधायचं, यावर बोलतो. शेती, पाणी, संतसाहित्य ऐकायची सवय असलेल्या व्यासपीठावर हा विषय चालेल का, अशी शंका एका ज्येष्ठांनी बोलून दाखवली. ती रास्त आहे. पण पीक विम्याचा अर्ज, सातबारा, उसाची नोंद, मुलांचे दाखले, लग्नाची पत्रिका, यांतलं काहीही आज कुठल्या ना कुठल्या प्रोग्रॅममधून गेल्याशिवाय आपल्या हाती येत नाही. तो प्रोग्रॅम पडला की भर उन्हात रांगेत उभा राहतो तो माणूस आपलाच असतो. म्हणून हा विषय माझ्या मते ढोकीचा आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते गणिताच्या वहीत नुसतं उत्तर पाहून गुण देत नसत. पायऱ्या लिहा, म्हणायचे. आज मी जे सांगणार आहे ते बहुतेक पायऱ्या लिहिण्याबद्दलच आहे.

आधी एक घोळ दूर करू. सेवा केंद्रात काहीही अडलं की एकच उत्तर मिळतं, ‘सर्व्हर डाऊन आहे’. पुष्कळदा ते खरं असतं. पण लांबच्या सर्व्हरनं उत्तर न देणं, समोरचा प्रोग्रॅम हँग होणं, त्यानं चुकीचा संदेश दाखवून काम नाकारणं आणि तो क्षणात उडून जाणं, या चार निराळ्या गोष्टी आहेत. चौघींची कारणं निराळी, उपाय निराळे. आज मी चौथीबद्दल बोलतो आहे, जिला क्रॅश म्हणतात. प्रोग्रॅमला जिथे जायचा अधिकार नाही अशा मेमरीच्या जागेत तो हात घालतो, किंवा ज्या परिस्थितीचा त्याच्या कर्त्यानं विचारच केला नव्हता ती समोर येते, आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्याला तिथल्या तिथे थांबवते.

अशा वेळी आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो: ‘फॉरमॅट मारा.’ दुकानात नेलं की विंडोज नव्यानं टाकून देतात, संगणक दोन दिवस बरा चालतो आणि पुन्हा तेच. या सल्ल्याविरुद्ध मला मनापासून बोलायचं आहे. फॉरमॅट मारल्यानं तुमचे फोटो, हिशेब जातात हे नुकसान दिसतं तरी. न दिसणारं नुकसान असं, की प्रोग्रॅम का पडला हे सांगणारी जी एकमेव साक्ष त्या यंत्रात होती, तीही जाते. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची सोय आहे. कोणता प्रोग्रॅम किती वाजता पडला आणि त्याच्या कोणत्या भागात पडला, याची नोंद तिथे आपोआप झालेली असते. मॅकवर ‘कन्सोल’मध्ये क्रॅशचे अहवाल साठतात. लिनक्सवर तोच प्रोग्रॅम टर्मिनलमधून सुरू केला तर पडण्याआधीचे त्याचे शब्द पडद्यावर राहतात. हे सगळं फुकट आहे आणि उघडायला पाच मिनिटं लागतात. तरी ते उघडून पाहणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे.

विहिरीवरची मोटार बंद पडली तर आपण लगेच नवी मोटार आणत नाही. डीपीवर लाइट आहे का, तिन्ही फेज आहेत का, फ्यूज गेला का, स्टार्टर ओढतो का, केबल कुठे कुरतडली आहे का, असं एकेक बघत जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि बटण दाबून पाहतो. हे शहाणपण इथल्या प्रत्येक शेतकऱ्याकडे आहे. संगणकासमोर बसलं की ते आपण का सोडून देतो, हा मला पडलेला खरा प्रश्न आहे. बहुधा आपल्याला वाटतं की तिथे आपलं काही चालायचं नाही. ते वाटणं चुकीचं आहे.

आता विषयाच्या गाभ्याकडे येतो. पूर्वी प्रोग्रॅम एकेका सिस्टिमसाठी लिहीत. १९९५ साली जावा ही भाषा आली ती एकदा लिहा आणि कुठेही चालवा, असा दावा करत. त्याच सुमारास अशाच कामासाठीची क्यूटी ही साधनपेटी आली, पुढे २०१३ मध्ये इलेक्ट्रॉन आली. आज तुम्ही वापरता ते कितीतरी प्रोग्रॅम असे एकाच मुळातून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतात. लिब्रेऑफिस हे त्यातलं मराठीतूनही वापरता येणारं आणि मोफत उदाहरण. पण वरचा प्रोग्रॅम एक असला तरी खालची जमीन तीन प्रकारची राहते. फाइलीचं नाव कसं साठवायचं, अक्षरं कशी मांडायची, पडद्यावर चित्र कसं काढायचं, हे प्रत्येक सिस्टिम आपापल्या पद्धतीनं करते. म्हणून ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य अशा प्रोग्रॅमच्या बाबतीत अर्धंच खरं असतं. एकाकडे चालतं आणि दुसऱ्याकडे पडतं, या फरकातच उत्तर लपलेलं असतं.

आपल्या मराठीच्या बाबतीत हा फरक कुठे कुठे टोचतो ते दाखवतो. ‘ढोकी’ हे नाव घ्या. रोमन लिपीत लिहिलं तर त्याला पाच बाइट लागतात. देवनागरीत ढ, ओकाराची मात्रा, क आणि ईकाराची मात्रा अशी चार चिन्हं आहेत, आणि आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण बारा. यात बिघडलं काहीच नाही. पण कुणी जिल्ह्याच्या नावासाठी वीस बाइटांचा रकाना ठेवला असेल तर? आपल्या ‘धाराशिव’मध्ये सात चिन्हं आहेत, एकवीस बाइट. विसाव्या बाइटवर कात्री चालली की शेवटच्या ‘व’चे दोन तृतीयांश उरतात. हे अर्धवट अक्षर कुठल्याच भाषेत वैध नाही. एक प्रोग्रॅम तिथे चौकोन दाखवून पुढे जाईल, दुसरा कडक असेल तर तिथेच थांबेल. जिल्ह्याचं जुनं नाव ‘उस्मानाबाद’ तर तीस बाइटांचं. त्या रकान्यात तेही मावलं नसतं. इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, कारण त्याचं कोणतंही अक्षर एका बाइटात बसतं आणि कात्री नेहमी दोन अक्षरांच्या मधोमधच पडते.

दुसरं उदाहरण मी स्वतः पाहिलेलं. एका दुकानात हिशेबाचा एक प्रोग्रॅम सुरू होता होता उडायचा. तोच प्रोग्रॅम शेजारच्या लिनक्सवर ठीक, मालकाच्या भाच्याच्या मॅकवर ठीक. विंडोज दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं. दोन्ही वेळा नव्या विंडोजवर खातं उघडताना मालकीणबाईंचं नाव हौसेनं देवनागरीत दिलं होतं. विंडोज त्या नावाचाच फोल्डर करतं आणि प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या तात्पुरत्या फाइली त्याच्या पोटात ठेवतो. त्या प्रोग्रॅमचा एक जुना भाग फाइलींचे पत्ते विंडोजच्या जुन्या एकबाइटी संकेतांतून वाचत असे. देवनागरीसाठी विंडोजनं असा एकबाइटी संकेत कधी दिलाच नाही. आपली लिपी तिथे आली ती थेट युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतातून, विंडोज २००० पासून. त्यामुळे नावातल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटायचं, तशा नावाची फाइल असूच शकत नाही, आणि फाइल मिळाली की नाही हे न तपासता प्रोग्रॅम पुढे पाऊल टाकायचा. रोमन अक्षरांत दुसरं खातं उघडलं, प्रोग्रॅम चालू झाला. हा तात्पुरता उपाय. खरी दुरुस्ती प्रोग्रॅमच्या कर्त्यानंच करायची असते. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून प्रोग्रॅमला सगळे पत्ते यूटीएफ-८ मधून मागता येतात, त्यामुळे ती अवघडही राहिलेली नाही. आपल्या घरच्या यंत्राला आपलं नाव आपल्या लिपीत देता यायलाच हवं. त्यावर मी अडून बसेन.

तिसरं उदाहरण ढोकीसारख्या साखर कारखान्याच्या गावात सांगायलाच हवं असं आहे. एखाद्या फाइलीचं नाव ‘शेतकऱ्यांची यादी’ आहे, असं धरा. यातला ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध ‘ऱ’ म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. युनिकोडच्या नियमानं दोन्ही एकच मानायचे, आणि चांगल्या फॉन्टमध्ये ते दिसतातही सारखे. मॅकची जुनी फाइल सिस्टिम, एचएफएस प्लस, फाइलीच्या नावातला ‘ऱ’ आपण होऊन फोडून ठेवायची. २०१७ मध्ये तिच्या जागी एपीएफएस आली, ती नाव दिलं तसं ठेवते. विंडोज आणि लिनक्स नावं चिन्हाला चिन्ह जुळवून पाहतात. म्हणजे जुन्या मॅकवर झिप केलेली फाइल विंडोजवर उघडली, तर पडद्यावर ‘शेतकऱ्यांची यादी’ दिसते आहे, पण नावानं शोधणारा प्रोग्रॅम म्हणतो, अशी फाइल नाही. एकाच फोल्डरात हुबेहूब दिसणाऱ्या एकाच नावाच्या दोन फाइलीही मग नांदू शकतात. आणि फाइल असणारच, असं गृहीत धरून लिहिलेला प्रोग्रॅम इथे कोसळतो. इंग्रजीत काम करणाऱ्याच्या वाट्याला हा प्रसंग फारसा येत नाही. आपल्याकडे ‘शेतकऱ्यांची’, ‘कर्मचाऱ्यांचे’, ‘नोकऱ्या’ हे रोजचे शब्द आहेत.

एकाच प्रोग्रॅमनं निरनिराळ्या सिस्टिमांवर निरनिराळ्या तऱ्हेनं वागावं, याचं सगळ्या जगानं पाहिलेलं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा ‘फाल्कन’ हा सुरक्षा प्रोग्रॅम विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्या शुक्रवारी आपल्या वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीनं विंडोजसाठी माहितीची एक छोटी फाइल पाठवली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. तेवढ्या वेळात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख संगणक पडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मॅक आणि लिनक्स चालूच होते. कारण पुढे कंपनीनं स्वतः प्रसिद्ध केलं: नव्या माहितीत एकवीस रकाने धरले होते आणि ती वाचणारा भाग वीसच पुरवत होता. एकविसावा वाचायला गेला आणि मेमरीच्या कुंपणाबाहेर पाऊल पडलं. आधीच्या चाचण्यांत त्या एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, म्हणून तो कधी खऱ्या अर्थानं वाचलाच गेला नव्हता. उपाय एका ओळीचा होता, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढा. पण तो लक्षावधी यंत्रांसमोर माणूस बसवून हातानं करावा लागला. फॉरमॅट मारण्याची गरज नव्हती, हेही ध्यानात घ्या.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा विषय निवडला, त्याकडे येतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये बातमी पसरली की तेलुगू लिपीतला एक ‘ज्ञा’ आयफोनवर किंवा मॅकवर आला की समोरचा प्रोग्रॅम कोसळतो. निरोप पाठवणारे प्रोग्रॅम, ब्राउझर, जो ते अक्षर दाखवायला जाईल तो. फोनच्या सूचनेत आलं तर फोनचा मुख्य पडदाच पुन्हा पुन्हा कोसळायचा. तोच निरोप अँड्रॉइडवर आणि विंडोजवर निवांत वाचता येत होता. म्हणजे दोष त्या एकेका प्रोग्रॅमचा नव्हता. तो ॲपलच्या ‘कोअर टेक्स्ट’ या अक्षरं मांडणाऱ्या सामाईक भागात होता, आणि वरचे सगळे प्रोग्रॅम त्याच्यावर उभे होते. क्रॅशच्या नोंदीत ज्या भागाचं नाव येतं तोच नेहमी दोषी नसतो. पण इथे इतक्या निरनिराळ्या प्रोग्रॅमांच्या नोंदी एकाच ठिकाणी बोट दाखवत होत्या.

बहुतेकांनी ते अक्षर गंमत म्हणून एकमेकांना पाठवलं. मनीष गोरेगावकर यांनी मात्र ते उलगडायला घेतलं. आयआयटी मुंबईत शिकलेले गोरेगावकर त्या वेळी मोझिला या संस्थेत काम करत होते. त्यांच्या विश्लेषणाची रीत मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाची वाटते. त्या ‘ज्ञा’मध्ये पाच चिन्हं होती: व्यंजन, हलन्त, दुसरं व्यंजन, मग जोडाक्षर न होऊ देण्यासाठी वापरतात ते एक अदृश्य चिन्ह, आणि शेवटी स्वर. ते अदृश्य चिन्ह त्या जागी असण्याचं काही कारणच नव्हतं. यातलं एकेक काढून, बदलून पाहिलं. दुसरी व्यंजनं घातली, दुसरे स्वर घातले, मग लिपीच बदलली. असं करता करता नियम सापडला. तेलुगू, बंगाली आणि देवनागरी या तिन्ही लिप्यांत हे घडत होतं. दुसरं व्यंजन आधीच्याला मागून किंवा खालून चिकटणारं हवं. देवनागरीत ते म्हणजे ‘र’. पहिलं व्यंजन ‘र’ नको. दोन तुकड्यांनी बनणारे काही स्वर वगळायचे. बाकी सगळीकडे क्रॅश.

या नियमाचा आपल्याशी संबंध पाहा. ‘ग्रामपंचायत’ या शब्दात ‘ग्र’ आणि काना यांच्यामध्ये ते अदृश्य चिन्ह शिरलं असतं, तर त्या दिवसांत तो शब्द मॅकवर प्रोग्रॅम पाडू शकला असता. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना अशी अदृश्य चिन्हं भलत्या जागी राहून जातात, हे डीटीपी करणाऱ्या माझ्या मित्रांना ठाऊक आहे. म्हणजे वर्तमानपत्रांनी ज्याला ‘तेलुगू अक्षराचा बग’ म्हटलं, तो आपलाही होता. कुणीतरी चिकाटीनं कमी करत करत मुळाशी गेलं म्हणून ते कळलं. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी ॲपलनं आयओएस ११.२.६ आणि मॅकसाठी १०.१३.३ ची पुरवणी देऊन दोष दुरुस्त केला.

हे एकदाच घडलेलं नाही. मे २०१५ मध्ये आयफोन पाडणारी एक ओळ गाजली होती. तिच्यात इंग्रजी, अरबी, चिनी अक्षरांबरोबर देवनागरीतली दीर्घ ‘ॡ’ची मात्रा होती. एप्रिल २०२० मध्ये सिंधी अक्षरांचा आणि इटलीच्या झेंड्याचा मेळ असाच महागात पडला. आपल्या लिप्या दोषी आहेत असं यातून कुणी समजू नये. अक्षरं जोडून, वर-खाली-मागे चिकटवून लिहिण्याची आपली रीत ज्यांना अनोळखी, त्यांच्या चाचण्यांत ती पुरेशी येत नाही. ज्यांना ती ओळखीची आहे, ते आपण, तक्रार लिहून कळवत नाही. मधली ही रिकामी जागा भरायची जबाबदारी मी आपल्यावर टाकतो आहे.

काय लिहायचं? कोणती सिस्टिम, कोणती आवृत्ती, प्रोग्रॅमची कोणती आवृत्ती. नेमकं काय काय केल्यावर तो पडतो, पायरी पायरीनं. प्रत्येक वेळी पडतो की कधीकधी. कालपर्यंत चालत होता का, आणि काल-आजमध्ये काय बदललं. दुसऱ्या सिस्टिमवर काय होतं. त्याआधी स्वतः थोडं कमी करून पाहा. शंभर पानांची फाइल उघडताना लिब्रेऑफिस पडत असेल तर अर्धी फाइल वेगळी करा. कोणत्या अर्ध्यात पडतं ते पाहा. मग त्याचं अर्ध. सात वेळा केलंत की एका पानावर याल. हीच युक्ती प्रोग्रॅमर उलट बाजूनं वापरतात: हजार बदलांपैकी कोणत्या बदलानं बिघडलं हे दहा चाचण्यांत कळतं. लिब्रेऑफिसच्या मदत मेनूमध्ये सेफ मोडची सोय आहे. त्यात चालू केल्यावर प्रोग्रॅम पडला नाही, तर दोष बहुधा तुमच्या जोडण्यांत, सेटिंगमध्ये किंवा ग्राफिक्सच्या वेगवाढीत आहे, मूळ प्रोग्रॅममध्ये नाही. निम्मं काम तिथेच झालं.

एक सावधगिरी कळकळीनं सांगतो. क्रॅशच्या क्षणी मेमरीत जे होतं ते काही अहवालांत जसंच्या तसं जातं. त्यात कुणाचा आधार क्रमांक असेल, बँक खातं असेल. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी गिऱ्हाइकाच्या खऱ्या माहितीची फाइल कधीही कुणाला पाठवू नये. खोट्या नावांची, पण तशाच घडणीची फाइल बनवा, तिच्यावर तोच क्रॅश घडतो का पाहा, आणि ती पाठवा. ती बनवताना कारण सापडून जातं, असा माझा पुष्कळदा अनुभव आहे.

शेवटी इथल्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुला-मुलींकडे एक काम मागतो. आपल्या भागातल्या गावांची, आडनावांची, पिकांची, कार्यालयांची नावं असलेली एक साधी मजकुराची फाइल तयार करा. खऱ्या माणसांची पूर्ण नावं नकोत. ढोकी, तेर, येडशी, धाराशिव असू द्या. ‘शेतकऱ्यांची’, ‘तऱ्हा’, ‘ग्रामपंचायत’, ‘श्रीमान्’ असू द्या. ‘ऱ’ दोन्ही प्रकारे लिहिलेला असू द्या, लांबलचक जोडाक्षरं असू द्या, जुन्या फॉन्टमधून बदललेला एक परिच्छेदही घाला. ही फाइल विंडोजवर, लिनक्सवर आणि मिळाला तर मॅकवर, जो जो मोफत प्रोग्रॅम आपल्याकडे वापरला जातो त्यात उघडा, छापा, तिचं नाव बदला, शोधा. जिथे पडेल तिथली नोंद पायऱ्यांसह वहीत लिहा. वही भरत आली की मला कळवा. त्या त्या प्रोग्रॅमच्या कर्त्यांकडे तक्रारी कशा नोंदवायच्या, ते मी इथे येऊन तुमच्याबरोबर बसून करीन. पहिली बैठक पुढच्या सुट्टीत घेऊ, जागा संयोजकांनी द्यावी.